सुभेदारांची आठवी वही

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना सकाळी सातला सुरू व्हायचा. भोंगा सातला वाजे, पण त्याच्या पाचेक मिनिटं आधी फाटकाबाहेर कोंबडा आरवे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी तो ऐकला आणि इकडेतिकडे बघत राहिले. आजूबाजूला नुसत्या पत्र्याच्या शेड आणि उभे ट्रक. कोंबड्या पाळाव्यात असं एकही घर नाही. तेवढ्यात सायकलवरून एक काटकुळा, ताठ पाठीचा माणूस उतरला. पन्नाशीला टेकलेला, मिशी बारीक कातरलेली, खाकी पँट धुऊन धुऊन पांढुरकी झालेली. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पुन्हा एक खणखणीत बांग दिली. आतून, प्रेस शॉपमधून, कुणीतरी तशीच बांग देऊन उत्तर दिलं.

वॉचमन मला म्हणाला, "घाबरू नका मॅडम. सुभेदार आले."

सुभेदार म्हणजे रंगनाथ साळवे. मूळचे कोपरगावकडचे, गोदावरीकाठच्या एका लहानशा गावातले. लष्करात रणगाडे दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवली, निवृत्त झाले आणि आमच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीचे फोरमन म्हणून लागले. मी तपासणी विभागात होते. तयार झालेले पत्र्याचे पार्ट मापायचे आणि चुकलेले बाजूला काढायचे, हे माझं काम. पार्ट चुकला की डाय, म्हणजे प्रेसमधला पत्र्याला आकार देणारा साचा, तपासायला सुभेदारांना बोलवायचं, त्यामुळे दिवसातून चारदा तरी गाठ पडे. मी त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'ताई'च म्हटलं.

मशीन बिघडली की बाकीचे लोक आधी पाना शोधत. सुभेदार मशीनला कान लावून उभे राहत. डोळे मिटलेले, एक हात हवेत, म्हणजे कुणी बोलायचं नाही. मग म्हणत, "बेअरिंग न्हाई, क्लच हाय." खोलून पाहिलं की क्लचच निघे. काम झालं की तेलकट अंगठा वर करून म्हणत, "खराशो!" रशियन भाषेत 'छान'. आमच्या लोकांना ते 'खरं असो' असं ऐकू येई. कुणी सुट्टी मागितली, कुणाच्या घरी बारसं झालं, तरी कामगार एकमेकांना गंभीरपणे 'खरं असो' म्हणायचे. सुभेदारांनी कधी कुणाची चूक सुधारली नाही. "ह्ये बी बरंय," एवढंच म्हणाले.

रशियन त्यांना चांगलं यायचं. सोव्हिएत युनियन शाबूत होतं तेव्हा लष्करानं त्यांना रणगाड्यांच्या प्रशिक्षणासाठी तिकडे पाठवलं होतं. थंडी अशी की लोखंडाला उघडा हात लावला तर कातडी चिकटून यायची. तिथं भाषा शिकवायला एक वयस्कर बाई होत्या. परतायच्या दिवशी त्यांनी सुभेदारांच्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, "हा माणूस तुझ्यासारखाच होता. लहानखुरा." ते अठराव्या शतकातल्या एका रशियन सेनापतीचं चरित्र होतं. त्याचं नाव लांबलचक आणि आमच्या जिभेवर न बसणारं, म्हणून सुभेदार त्याला नुसतं 'सेनापती' म्हणत. मीही इथं तेच म्हणते.

सेनापतीची गोष्ट आम्हाला लोडशेडिंगमुळे कळली. त्या काळात एमआयडीसीलासुद्धा आठवड्यातून दोन-तीनदा वीज जायची. प्रेस थांबल्या की शेडमध्ये अशी शांतता पसरे की कानात शिट्टी वाजल्यासारखं होई. लोक तंबाखू मळत बसत. एकदा सुभेदार मधोमध गोणपाट टाकून बसले आणि म्हणाले, "एक पोरगं हुतं. फुंकलं तर उडून जाईल असं."

त्या पोराचा बाप लष्करातला बडा अधिकारी. पोरगं कायम आजारी, म्हणून बापानं ठरवलेलं की ह्याला फौजेत घालायचं नाही. पोरगं मात्र बापाच्याच कपाटातली लढायांची पुस्तकं वाचायचं, थंडीत उघड्या अंगानं हिंडायचं, भर पावसात घोडा फेकायचं. एक दिवस बापाचा एक जुना स्नेही घरी आला. हा स्नेही म्हणजे लहानपणी आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेला, राजाच्या पदरी वाढलेला आणि पुढे स्वतःच्या अकलेवर मोठा लष्करी अधिकारी झालेला माणूस. त्यानं पोराशी तासभर गप्पा मारल्या आणि बापाला सांगितलं, ह्याला अडवू नकोस.

इथं आलं की सुभेदार थांबत. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून पंधरा वेळा तरी ऐकली, दर वेळी ते इथंच थांबत. "बघा," ते म्हणत, "ज्याला बाजारात इकला, त्यानं सेनापती वळखला. बापाला वळखू आला न्हाई."

त्यांचे स्वतःचे वडील साखर कारखान्यावर गाड्या रिकाम्या करायचे. शाळेत एका मास्तरांनी सांगितलं होतं, ह्याच्या हातात पुस्तकापेक्षा पाना बरा. सुभेदारांनी दोन्ही धरलं.

सेनापती साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि कितीतरी वर्षं साधाच राहिला. मोठा झाल्यावरही शिपायांच्याच भांड्यातली पेज खायचा, गवतावर झोपायचा, पहाटे अंगावर गार पाण्याच्या बादल्या ओतून घ्यायचा आणि छावणीतून कोंबड्यासारखा आरवत हिंडायचा. आमच्या फाटकावरच्या बांगेचा उगम त्या दिवशी मला कळला. गार पाण्याचं तर सुभेदारांनी कधीच उचललं होतं. शेडमागच्या नळाखाली ते बारा महिने आंघोळ करत. जेवायला फोरमनसाठी वेगळी खोली होती, तिथं ते कधी गेले नाहीत. प्रेसवाल्यांच्या गोलात बसून भाकरी मोडायची, समोरच्याच्या डब्यातलं न विचारता घ्यायचं आणि आपल्या डब्यातलं न विचारता वाढायचं.

त्या गोलात भिवा असायचा. नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगरातला, चाळिशीचा, बोलायला कमी. भातलावणीला हटकून आठ दिवस दांडी मारणारा. फाटकावरच्या बांगेला आतून उत्तर देणारा तोच. गोष्ट म्हातारपणातल्या त्या प्रसिद्ध प्रसंगावर आली, तेव्हा भिवाला कंठ फुटला. सत्तरीला आलेला सेनापती फौज घेऊन आल्प्स पर्वत ओलांडतो. बर्फ, कडे, खाली दरी. एका अरुंद पुलावर लढाई होते. पुढं जावं तर सरोवर आडवं येतं, वाटच संपते. ज्या फौजेला भेटायचं ती आधीच हरलेली. चहूबाजूंनी शत्रू.

"तोफा किती वजनाच्या?" भिवानं विचारलं.

"लई. खेचरं लागत."

"मग त्या उतरवल्या कशा? आमच्याकडं साधं भाताचं पोतं कड्यावरून उतरवायचं तर दोन मानसं वरती, एक खालती, अन् दोर झाडाला गुंडाळून सोडाया लागतो. तिथं तर झाडंच न्हाईत म्हनताय."

"न्हाई उतरवल्या," सुभेदार म्हणाले. "दरीत ढकलून दिल्या. मानसं घेऊन उतरला."

भिवानं मान हलवली. "मंग शाना हुता," तो म्हणाला आणि पुन्हा भाकरीकडे वळला.

सुभेदारांना हे इतकं आवडलं की त्यांनी दुपारी मला मुद्दाम येऊन सांगितलं. "ताई, त्या पुस्तकात दहा पानं हायेत ह्या घाटावर. भिवानं दोन शब्दांत उरकलं."

ते त्या पुस्तकाचं मराठी करत होते, हे मला तेव्हाच कळलं. शंभर पानी वह्या, निळी शाई, लष्करी टपोरं अक्षर. रोज संध्याकाळी घरी एक पान. माझ्या घरी कॉम्प्युटर होता आणि मला मराठी टाइप करता येत होतं. मीच म्हटलं, मी करून देते. एकेक वही पिशवीतून येऊ लागली.

सहा वह्या झाल्या आणि मग ती दिवाळी आली.

प्रेसवर काम करताना दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबावी लागतात. त्याचं कारण साधं आहे. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात डायखाली नसतो. पण त्यात वेळ जातो. दिवाळीच्या तोंडावर मोठी ऑर्डर होती, आणि मॅनेजरांनी इलेक्ट्रिशियनला सांगून तीन प्रेसचं एक एक बटण कायमचं दाबून ठेवायला लावलं. म्हणजे एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण मारायचं. काम जवळजवळ दीडपट वेगानं होऊ लागलं.

सुभेदार सकाळी आले, पाच मिनिटं नुसते बघत राहिले. मग जाऊन मेन स्विच खाली ओढला, बोर्डाला कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. सगळी शेड थांबली. मॅनेजर धावत आले.

"सुभेदार, चावी द्या."

"देतो, साहेब. आधी तुमी सोता तिथं बसून शंभर पीस काढा. एका हातानं."

"हे बघा, ही तुमची छावणी नाही."

"व्हय. छावनीत असं कुनी केलं असतं तर आत्तापातूर कोठडीत असता."

मॅनेजर पांढरे पडले. सगळ्यांसमोर म्हणाले, "चावी ठेवा आणि घरी जा. बोलावल्याशिवाय यायचं नाही."

सुभेदारांनी चावी टेबलावर ठेवली. सलाम केला, अगदी कडक, आणि सायकल घेऊन निघून गेले. माझ्या डोळ्यांसमोर अजून ते टेबल आहे. मीही तिथंच उभी होते, मीही काही बोलले नाही.

ते गावी गेले. सेनापतीच्याही आयुष्यात असं एक पर्व आहे. नव्या बादशहाला फौजेनं केसांना पावडर लावावी, घट्ट नक्षीदार गणवेश घालावेत असं वाटे. सेनापती उघडपणे त्याची टिंगल करी. बादशहानं त्याला काढून टाकलं आणि त्याच्या खेड्यात पाठवून दिलं. तिथं तो चर्चची घंटा वाजवायचा आणि गावकऱ्यांबरोबर भजनाला बसायचा. कारखान्यातले लोक म्हणू लागले, सुभेदार आता गावात घंटा वाजवत असतील. आम्ही हसायचो. एवढं होऊनही आम्हाला ते गमतीचं वाटत होतं.

पाचव्या आठवड्यात भिवाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

मालक स्वतः गाडी घेऊन कोपरगावला गेले. सुभेदार परत यायला तयार झाले, पण अट घातली की बटणं आधी पूर्ववत करा. मालकांनी ती केली आणि मॅनेजरही बदलले. आम्हाला वाटलं, सुभेदार आता छाती काढून येतील. ते थेट कारखान्यात आलेच नाहीत. आधी एसटीनं अकोल्याला गेले, तिथून जीपनं, मग पायी. भिवाच्या पडवीत जाऊन बसले. भिवाच्या बायकोनं चहा दिला, तो त्यांना घेता येईना.

हे मला पुढं भिवानंच सांगितलं. "मला म्हनले, भिवा, मी चावी ठेवून गेलो. ती विहिरीत टाकाया पायजे हुती. मी म्हनलं, सुभेदार, तुमी काय करनार, हुकूमच हुता. तर लई मोठ्यानं वरडले माझ्यावर. म्हनले, हुकूम म्हनू नगंस! पुन्यांदा म्हनू नगंस!"

भिवा पुढं कारखान्यातच स्टोअरला लागला. सुभेदारांनी आरवणं बंद केलं. कुणी विचारलंही नाही.

वह्या मात्र पुन्हा येऊ लागल्या. सातवी टाइप झाली. मग एक दिवस आली ती नववी. मला वाटलं, चुकून झालं असेल.

"आठवी राहिली घरी," मी म्हटलं.

"आठवी लिवली न्हाई," ते म्हणाले आणि डाय तपासायला निघून गेले.

नववी पूर्ण झाली, दहावी झाली. सेनापती आल्प्समधून परतला. बादशहाची मर्जी पुन्हा फिरली. स्वागताचा थाट रद्द झाला आणि म्हातारा राजधानीत एका नातेवाइकाच्या घरी गुपचूप मेला. चरित्र संपलं. मधली आठवी वही नव्हतीच. त्या वर्षी सुभेदार कारखान्यातूनही निवृत्त झाले आणि गावी राहायला गेले. पुढच्या संक्रांतीनंतर मी टाइप केलेला गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे गेले.

दोन खोल्यांचं घर, पुढं लिंपलेला ओटा, भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्यांच्या पत्नी शांताकाकू चुलीवर बाजरीची भाकरी थापत होत्या. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. सुभेदार लष्करात असताना दुसऱ्याकडून पत्रं वाचून घ्यायला लाज वाटे, म्हणून त्या हट्टानं प्रौढ वर्गात जाऊन शिकल्या होत्या. मी गठ्ठा पुढं ठेवला आणि विचारलं, आठव्या वहीत काय आहे?

सुभेदार गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "एक शहर हुतं. नदीच्या अलीकडं त्याची वस्ती, पलीकडं राजधानी. ह्याच्या फौजेनं वस्ती घेतली. तिथं निस्ते शिपाई न्हवते, ताई. बायामानसं हुती, पोरं हुती. सकाळपासून कापत सुटले. पुस्तक म्हनतं, ह्यानं पूल तोडायला लावला, म्हनून पलीकडचं शहर तरी वाचलं. आसंल. पन अलीकडं?"

"त्यानंच तसा हुकूम दिला होता?"

"त्यो म्हनला नसंल मारा म्हनून. पन थांबा कवा म्हनला? मी ते पान तीस वर्षं वाचतोय. ज्यानं शिपायाच्या भांड्यात हात घातला, त्याच्याच शिपायांनी..." ते थांबले. "मी कारखान्यात लोकांना त्याची गोष्ट सांगितली. त्याचं बघून कोंबड्यागत आरवलो. आता हे कसं लिवू? अन् न्हाई लिवलं तर कुनाचं काय बिघडतंय? कोपरगावात कोन रशियन वाचनार हाय?"

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज बंद झाला होता. शांताकाकू पीठ लागलेले हात तसेच घेऊन उंबऱ्यात आल्या.

"मी एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "मी ल्हान असताना आमच्या वस्तीवर मानसं चालून आल्ती. घरं पेटवली. माझ्या आत्यानं मला दान्याच्या कनगीत लपवलं हुतं. ती जी मानसं आल्ती ना, त्यांचा बी कुनीतरी मोठा मानूस हुता. त्याचं बी कुनीतरी चांगलंचुंगलं लिवलं आसंल. त्यात आमची वस्ती न्हाई आली." पदरानं त्यांनी कपाळ पुसलं. "तुमी ते लिवा. न्हाईतर बाकीचं बी फाडून टाका."

सुभेदार त्यांच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात कनगीची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी उठले, गठ्ठा तिथंच ठेवला आणि निघाले. मला कुणी थांबवलं नाही.

आठवी वही यायला एक अख्खं वर्ष लागलं. बाकीच्या वह्यांत खाडाखोड नव्हती, हिच्यात पानोपानी होती. एका जागी 'शत्रू' लिहून खोडलं होतं आणि वर 'माणसं' लिहिलं होतं. पुस्तकातला मजकूर संपल्यावर शेवटी रेघ मारून त्यांनी स्वतःच्या दोन ओळी लिहिल्या होत्या: 'इथपर्यंत पुस्तकात आहे. मेलेल्यांची नावं पुस्तकात नाहीत, म्हणून मला लिहिता आली नाहीत. रं. साळवे.'

त्याच सुमाराला नगरात माजी सैनिकांचा मेळावा होता. सुभेदारांच्या वह्यांची बातमी कुणीतरी पोचवली होती. त्यांना आमंत्रण आलं, विषय दिला, 'एका अजिंक्य सेनापतीची शौर्यगाथा'. एकही लढाई न हरलेला माणूस, म्हणजे विषय चुकीचा नव्हता. मी गेले होते. भिवाही आला होता, डावा हात खिशात घालून मागच्या रांगेत बसला होता. शांताकाकू पुढं, बायकांत.

सुभेदार उभे राहिले. छातीवर पदकं, हातात आठवी वही. आधी पाच मिनिटं त्यांनी सेनापतीचं सगळं चांगलं सांगितलं, भरभरून सांगितलं. ते पोरगं, आफ्रिकेचा तो स्नेही, शिपायांची पेज. लोक खूश होते. मग म्हणाले, "आता त्याच मानसाचं दुसरं वाचतो," आणि वही उघडली.

दोन पानं झाली तेव्हा व्यासपीठावरून एक अधिकारी हळूच म्हणाले, "सुभेदार, जरा शौर्याचं घ्या. आल्प्सचं घ्या."

"घेतो, सर. ह्ये झाल्यावर," सुभेदार म्हणाले आणि वाचत राहिले.

मागचे काही जण उठून गेले. स्वतःच्या दोन ओळींसकट त्यांनी सगळं वाचलं. संपल्यावर टाळी वाजली नाही. कुणीतरी घाईघाईनं चहा आल्याचं जाहीर केलं. आल्प्स राहूनच गेलं.

गर्दीतून एक खूप म्हातारे हवालदार काठी टेकत सुभेदारांपाशी आले. त्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले, खूप वेळ. मग तसेच निघून गेले.

बाहेर कडुनिंबाखाली भिवा वाट बघत होता. सुभेदार आले तसा त्यानं खिशातला हात बाहेर काढला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. "सुभेदार," तो म्हणाला, "ह्यो उतार त्या घाटापरीस वंगाळ हुता."

"व्हय रं," सुभेदार म्हणाले. "मानसं घेऊन उतरलो का न्हाई, ते मात्र ठावं न्हाई."

पुस्तक छापायचं म्हणून मी दोन-तीन ठिकाणी विचारलं. रशियन सेनापती कोण वाचणार, असं उत्तर आलं. सुभेदारांना त्याचं काही वाटलं नाही. मी दहाही वह्यांच्या टाइप केलेल्या पानांच्या झेरॉक्स प्रती काढून बांधून घेतल्या. एक भिवाकडे आहे, एक माझ्याकडे, एक त्यांच्या घरी. पुढच्या आठ-दहा वर्षांत त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू काढले, पण आतला पडदाच खराब होता. माणसाचा आकार कळे, अक्षर दिसत नसे.

यंदा होळीच्या सुमाराला ते गेले. शांताकाकूंचा फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. झोपेतच गेले म्हणाल्या, त्रास झाला नाही. त्यामुळे माझी शेवटची भेट ती त्याआधीच्या डिसेंबरातलीच.

मी कोपरगावला एका लग्नाला गेले होते, तिथून वाट वाकडी करून दुपारी त्यांच्या गावी उतरले. उसाची तोडणी चालू होती, सगळ्या शिवारात गोडसर धूळ. घराजवळ आले तर ओट्यावर दोघं बसलेले. शांताकाकूंच्या नाकावर सुभेदारांचाच जुना चष्मा, दोरीनं मानेला बांधलेला. मांडीवर ती झेरॉक्सची प्रत. ओळीखाली बोट धरून त्या एकेक शब्द मोठ्यानं वाचत होत्या, आणि सुभेदार भिंतीला टेकून, डोळे मिटून, एक हात हवेत धरून ऐकत होते. मी कुडाशीच थांबले. त्यांना माझी चाहूल लागली नव्हती.

"'सेनापतीनं आपली फौज... हिम... हिमनदीच्या कडेनं...'" काकू अडल्या. "ही हिमनदी काय असती?"

"बर्फाची नदी. आपली गोदावरी अशी गोठून दगड झाली तर कशी दिसंल, तशी."

काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मंग तिला बी पूर येतो का?"

सुभेदारांनी डोळे उघडले. दिसत तर फारसं काही नव्हतं, पण ते समोर, उसाच्या पलीकडे, नदीच्या दिशेनं बघू लागले. मग हसायलाच लागले, खांदे हलेपर्यंत.

"चाळीस वर्षं हे पुस्तक वाचतोय," ते म्हणाले, "पन हे मला सुचलं न्हाई. थांब, सांगतो. एवढं मोठं बर्फ, त्याच्या खालून बी पानी वाहत असनारच की न्हाई..."

ते सरसावून बसले आणि दोन्ही हातांनी हवेत डोंगर उभा करू लागले. हा उतार, हे बर्फ, इथून खाली पाणी. काकूंनी वाचायची जागा राहावी म्हणून बोट तसंच कागदावर दाबून धरलं होतं, आणि त्या त्यांच्या हातांकडे बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "आन् खालच्या गावाचं मग काय व्हतं?"

सुभेदारांचे हात हवेत थांबले. ते विचार करू लागले. मी दोन पावलं मागं सरले, चपला वाजू न देता, आणि रस्त्याला लागले.